फोल्डिंग ई-सायकल घ्यायची आहे? आधी जिना मोजा, मग किंमत विचारा

मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ती घडी घालायची इलेक्ट्रिक सायकल कशी असते हो? घ्यावी का?" विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. स्कूटर आता जड वाटू लागलेली असते. साधी सायकल गुडघ्यांना झेपत नाही. दर वेळी रिक्षा करायची किंवा मुलाला "जरा सोडतोस का?" म्हणायचे, हे जिवावर येते. अकोट्याहून पूल ओलांडून दांडिया बाजारात यावे, खंडेराव मार्केटमधून भाजी घ्यावी, मंडळात चक्कर मारावी आणि कुणावर अवलंबून न राहता घरी परतावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

ही अपेक्षा फोल्डिंग ई-सायकल चांगल्या प्रकारे पुरी करू शकते. आपले बडोदे सपाट आहे, अंतरे मोठी नाहीत, त्यामुळे लहान मोटरही पुरते. पण जाहिरातीत किंमत आणि 'एका चार्जमध्ये इतके किलोमीटर' हे दोनच आकडे मोठ्या अक्षरात असतात, आणि नवख्या माणसाच्या दृष्टीने हेच दोन आकडे सर्वांत कमी उपयोगाचे आहेत. स्वस्त सायकल म्हणजे कमी किमतीची सायकल नव्हे. जी आपल्याला उचलता येते, वेळेवर थांबवता येते आणि जिची बॅटरी चार-पाच वर्षांनी आपल्याच गावात मिळू शकते, ती स्वस्त. बाकीच्या सायकली वर्षभरात जिन्याखाली जाऊन बसतात आणि त्यावर जुन्या चादरी पडतात.

घडी खरोखर हवी आहे का?

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा. सायकल घडीची झाली की तिच्यात बिजागरी येते, खटके येतात, चाके लहान होतात, वजन वाढते आणि किंमतही वाढते. हे सगळे पैसे देऊन आपण फक्त एक सोय विकत घेतो: सायकल कमी जागेत मावणे. ती सोय रोज वापरणार असाल तर घडी घ्यावी.

घडीची खरी गरज असते ती अशा घरांत. फ्लॅट लहान आहे, लिफ्ट लहान आहे आणि सायकल घरातच ठेवायची आहे. किंवा जुन्या वाड्यात राहता, जिना अरुंद आहे आणि खाली ठेवली तर चोरीची भीती आहे. किंवा सायकल गाडीच्या डिकीत घालून मुलीच्या घरी न्यायची आहे.

डिकीबद्दल एक गोष्ट. गुजरातेत अनेकांच्या गाड्या सीएनजीच्या आहेत, आणि डिकीतली बरीचशी जागा टाकीने खाल्लेली असते. दुकानात सायकलची घडी छोटी दिसते, पण घडी घातलेली सायकल साधारण ८० ते ९० सेंटिमीटर लांब, ६५ ते ७० उंच आणि ४० ते ५० जाड असते. नेमकी मापे दुकानदाराकडून लिहून घ्यावीत, त्या मापाचे खोके घ्यावे आणि डिकीत बसते का ते बघावे. दहा मिनिटांचे काम आहे.

रेल्वेचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंक-सुटकेससाठी रेल्वेचे माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. ई-सायकलची घडी त्यात बसत नाही. म्हणजे मुंबईला जाताना बर्थखाली सरकवू, हा बेत मनातून काढून टाकावा.

यातली कोणतीच गरज नसेल, खाली पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवायची सोय असेल, तर बॅटरी काढता येणारी साधी, बिनघडीची ई-सायकल घ्यावी. रात्री बॅटरी काढून घरात न्यायची, सायकल खाली. तेवढ्याच पैशांत चांगले ब्रेक आणि मोठी चाके मिळतात.

पाण्याचा जार आणि आपला जिना

फोल्डिंग ई-सायकलचे वजन साधारण १७ ते २५ किलो असते. जाड टायरवाल्या त्याहूनही जड असतात. आकडा ऐकून अंदाज येत नाही, म्हणून घरातले उदाहरण घेऊ. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार २० किलोपेक्षा थोडा जड असतो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. म्हणजे मधल्या वजनाची फोल्डिंग ई-सायकल ही भरलेल्या जाराएवढी, आणि जड सायकल सिलिंडरच्या दिशेने जाणारी. शिवाय जार गोल आणि गुळगुळीत असतो. सायकलची पायडले पोटऱ्यांना लागतात आणि चेनचे काळे कपड्यांना लागते.

आता स्वतःला विचारा: असा जार मी रोज पहिल्या मजल्यावर नेईन का? पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर प्रयोग करूही नका, उत्तर 'नाही' असेच समजा. बॅटरी वेगळी काढली तर दोन-अडीच किलो कमी होतात, तेवढाच आधार.

म्हणून दुकानात दोन गोष्टी बघाव्यात. घडी घातल्यावर सायकल तिच्याच चाकांवर ढकलत नेता येते का? आणि घडी झाल्यावर दोन्ही भाग एकमेकांना धरून राहतात का? चांगल्या सायकलींत त्यासाठी लोहचुंबक किंवा पट्टा असतो. तो नसेल तर उचलताना सायकल मध्येच उघडते, आणि जिन्यावर हे धोक्याचे आहे. विक्रेत्याने घडी घालून दाखवली म्हणजे झाले नाही. आपण स्वतः तीन वेळा घालावी आणि उघडावी. ज्यांना संधिवात आहे त्यांनी खटके आपल्या बोटांनी उघडतात का, हे आधी बघावे.

कायदा काय म्हणतो

लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही, हे खरे आहे, पण सरसकट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये कोणते बॅटरीवाले वाहन 'मोटार वाहन' समजायचे नाही, हे सांगितले आहे. थोडक्यात, मोटरची ताकद पाव किलोवॅटच्या म्हणजे २५० वॅटच्या आत हवी, मोटरच्या जोरावरचा वेग ताशी २५ किलोमीटरला अडवलेला हवा, बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको, आणि त्या मॉडेलला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी हवी. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. मंजुरीच्या कागदाची प्रत दुकानदाराकडे मागावी. चांगला दुकानदार ती दाखवतो.

काही ठिकाणी ३५० किंवा ५०० वॅटची मोटर असलेल्या सायकली "काही होत नाही हो" म्हणून विकल्या जातात. कुणी "एक बटन दाबले की ४० चा वेग देतो" असेही सांगतो. अशी सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. मग तिला नोंदणी, लायसन्स आणि विमा तिन्ही लागतात, आणि आपल्याकडे यातले काहीच नसते. पोलिसांचा दंड हा त्यातला लहान भाग. चुकून कुणाला धक्का लागला आणि माणूस जायबंदी झाला, तर भरपाई विमा कंपनी देणार नाही, ती आपल्या ठेवींतून जाईल. निवृत्त माणसाने हा धोका पत्करू नये. नियमात बसणाऱ्या सायकलसाठीही स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा असावा. हेल्मेट मात्र कायदा काहीही म्हणो, घालावेच.

बॅटरीचे साधे गणित

ई-सायकलचा जीव बॅटरीत. बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. दोघांचा गुणाकार केला की वॅट-अवर मिळतात, आणि आपल्या कामाचा आकडा तो. उदाहरणार्थ ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे २८० वॅट-अवर. ३६ व्होल्ट आणि १०.४ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे ३७५.

सपाट रस्त्यावर पायडल मारत मोटरची मदत घेतली तर किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर जातात. पायडल न मारता नुसती मूठ पिळून चालवली तर १५ ते १८ जातात. म्हणजे २८० वॅट-अवरची बॅटरी पायडल मारून सुमारे २८ किलोमीटर, आणि नुसत्या मुठीवर १५ ते १८ किलोमीटर नेईल. हे नव्या बॅटरीचे. दोन-तीन वर्षांनी त्यातून पाचवा हिस्सा कमी धरावा. जाहिरातीत '५० किलोमीटरपर्यंत' लिहिलेले असते तेव्हा 'पर्यंत' हा शब्द नीट वाचावा. तो आकडा हलका माणूस, कमी वेग आणि मदतीची सर्वांत खालची पायरी धरून काढलेला असतो.

आपल्यापैकी बहुतेकांचा रोजचा फेरा ६ ते १० किलोमीटरचा असतो. त्याला २८० वॅट-अवरची बॅटरी पुरते. दुप्पट बॅटरीसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा ते चांगल्या ब्रेकवर खर्च करावेत.

खर्चाचा हिशेब, बँकेच्या पद्धतीने

समजा सायकल ४५,००० रुपयांना घेतली आणि नव्या बॅटरीची किंमत १५,००० रुपये आहे. वर्षाला २,००० किलोमीटर चालवू असे धरू, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज आठेक किलोमीटर.

विजेचा खर्च आधी पाहू. चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला १२ वॅट-अवर. युनिटला ८ रुपये धरले तर किलोमीटरला सुमारे १० पैसे. वर्षाला २०० रुपये. दुकानदार हाच आकडा सांगतो, आणि तो खरा आहे.

आता बॅटरी. लिथियम बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्ज नीट टिकते. एका चार्जमध्ये २८ किलोमीटर धरले तर १४,००० किलोमीटर, म्हणजे आपल्या वापराने सात वर्षे. पण ही बॅटरी वापरली नाही तरी काळाने आणि उष्णतेने झिजतेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचे आयुष्य पाच वर्षे धरणे शहाणपणाचे. पाच वर्षांत १०,००० किलोमीटर, म्हणजे बॅटरीची झीज किलोमीटरला दीड रुपया. वीज १० पैसे आणि बॅटरी दीड रुपया, हे प्रमाण लक्षात ठेवा. खर्च विजेचा नाही, बॅटरीच्या घसाऱ्याचा आहे.

घरात चालू स्कूटर असेल तर काय वाचेल? पेट्रोल ९५ रुपये लिटर आणि ४५ किलोमीटरचे ॲव्हरेज धरले तर किलोमीटरला २ रुपये १० पैसे, वर्षाला ४,२०० रुपये. त्यातून बॅटरीचे ३,००० आणि विजेचे २०० वजा केले की हजार रुपये उरतात, आणि ते पंक्चर-ब्रेकपॅडमध्ये जातात. म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी ई-सायकल घेऊ नये.

पण आठवड्यातून चार वेळा रिक्षाला पन्नास-पन्नास रुपये जात असतील तर वर्षाचे १०,००० होतात. तिथे वर्षाला साडेसहा-सात हजार वाचतात आणि सायकलची किंमत सहा-सात वर्षांत फिटते. आणि ज्यांना हलका व्यायाम हवा आहे, स्कूटरचे वजन पेलेनासे झाले आहे किंवा कुणाची वाट न बघता बाहेर पडायचे आहे, त्यांनी फायद्या-तोट्याच्या पत्रकापलीकडे बघावे. फक्त कारण कोणते आहे, हे स्वतःला स्पष्ट असावे.

नवी बॅटरी केवढ्याला आणि कुठे मिळेल, हा प्रश्न सायकल घेण्याआधी विचारायचा आहे. उत्तर लेखी घ्यावे. बॅटरी फ्रेमच्या आत खास आकाराची असेल आणि कंपनी बंद पडली किंवा मॉडेल थांबले, तर ती सायकल वीस किलोची साधी सायकल होऊन बसते. म्हणून भारतात सेवा केंद्रे असलेल्या कंपन्यांकडे आधी बघावे. पुण्याची ईमोटोरॅड आणि हीरोची लेक्ट्रो ही त्यातली परिचित नावे. लेक्ट्रोच्या बहुतेक सायकली बिनघडीच्या आहेत. ईमोटोरॅडची 'डूडल' घडीची आहे, पण जाड टायरची, म्हणजे वजनाचा विचार करूनच. मी कुणाची शिफारस करत नाही. मॉडेल बदलत राहतात, प्रश्न मात्र तेच राहतात.

मोटर आणि ब्रेक

पायडल मारताना मोटर कधी सुरू व्हायची, हे सेन्सर ठरवतो. स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. पायडल थोडे फिरले की मोटर एकदम ओढते. महाग सायकलींत पायाचा जोर ओळखणारा सेन्सर असतो आणि मदत सावकाश मिळते. आपल्या बजेटमध्ये बहुधा पहिला प्रकार येईल. त्याने काही बिघडत नाही, पण सवय होईपर्यंत जपावे लागते.

दोन्ही ब्रेकच्या दांड्यांवर मोटर बंद करणारी सोय असलीच पाहिजे. दांडी थोडी दाबली की मोटर थांबते. दुकानात मागचे चाक उचलून मूठ पिळावी आणि ब्रेकची दांडी हलकेच दाबून बघावे. मोटर थांबली नाही तर सायकल परत करावी. डिस्क ब्रेक असावेत. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आपल्या नेहमीच्या सायकलवाल्यालाही जुळवता येतात. तेलावरचे ब्रेक जास्त चांगले पकडतात, पण त्यांना माहीतगार माणूस लागतो.

चाके, बिजागरी आणि बसण्याची उंची

चाके २० इंची घ्यावीत. १६ इंचीची घडी लहान होते, पण लहान चाक खड्ड्यात जास्त शिरते आणि हँडल हातात डुगडुगते. शिवाय २० इंची साध्या रुंदीचे टायर-ट्यूब मुलांच्या सायकलींनाही लागतात, त्यामुळे ते सहज मिळतात. चार इंच रुंदीच्या ट्यूबसाठी शोधाशोध करावी लागते. मोटर असलेले चाक पंक्चर झाले तर पंक्चरवाला कधी कधी हात लावत नाही, कारण वायर दिसते. त्याला सांगावे की चाक काढू नको, टायर बाजूला करून ट्यूब तशीच ओढून पंक्चर काढ. वायर तोडण्याचा प्रश्नच येत नाही.

फ्रेमच्या मधली बिजागरी आणि हँडलच्या दांड्याची बिजागरी, दोन्ही नीट बघाव्यात. खटका बंद केल्यावर तो आपोआप उघडू नये म्हणून दुसरे कुलूप हवे. पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि सायकल पुढे-मागे ढकलावी. टक्-टक् आवाज आला किंवा मधोमध हालचाल जाणवली तर ती सायकल नको. घरी आल्यावरही दर आठवड्याला हीच तपासणी करावी.

सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. साडी नेसणाऱ्या भगिनींनी आणि ज्यांना पाय वर उचलायला त्रास होतो त्यांनी मधला दांडा खूप खाली असलेलीच फ्रेम बघावी. पूर्ण चेन-कव्हर आणि मडगार्ड असावेत, नाहीतर पदर, ओढणी किंवा धोतर अडकते. सायकलवर किती वजन चालते, हे कागदावर बघावे, आणि त्यात भाजीची पिशवीही धरावी.

ऊन, पाऊस आणि पूर

जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात कसे शिरले, हे आपण विसरलेलो नाही. तळमजल्यावरची वाहने तशीच बुडाली. स्कूटर वर नेता येत नाही, पण ई-सायकल दोघे मिळून पहिल्या मजल्याच्या चौकात नक्की नेऊ शकतात. नदीकाठच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हा मोठा फायदा आहे. पुराचा इशारा आला की आधी बॅटरी वर न्यावी, मग सायकल.

पाण्यापासूनचे संरक्षण 'आयपी' या आकड्यांत लिहितात. 'आयपीएक्स ४' म्हणजे उडालेल्या पाण्यापासून बचाव, बुडण्यापासून नाही. 'आयपी ६७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी पाणी आत जाऊ नये. बॅटरी आणि मोटरवर काय लिहिले आहे ते बघावे, पण आकडा काहीही असो, पुरात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून सेवा केंद्राला कळवावे. आत पाणी शिरलेली लिथियम बॅटरी दोन-चार दिवसांनीही पेट घेऊ शकते.

चार्जर कंपनीचाच वापरावा. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ व्होल्टचा त्याहून बराच जास्त. दोन्हींची पिन सारखी दिसू शकते, म्हणून शेजाऱ्याचा चार्जर मागून आणू नये. चार्जिंग जागेपणी करावे. बाहेर पडायच्या दाराजवळ, पलंगाशेजारी किंवा गादीवर बॅटरी ठेवू नये, कारण काही झाले तर वाट तीच असते. उन्हातून आल्यावर अर्धा-पाऊण तास बॅटरी थंड होऊ द्यावी. मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीवर ती ठेवू नये. फुगलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी वापरू नये.

मुलांकडे परदेशी पाच-सहा महिने जाणाऱ्यांनी बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवून जाऊ नये. निम्मी भरलेली, सायकलपासून काढलेली, घरातल्या थंड जागी ठेवावी. शेजाऱ्यांना दोन महिन्यांनी एकदा बघून थोडी चार्ज करायला सांगावे.

आणि तिकडून येताना "एक फोल्डिंग ई-बाइक आणतो" म्हणणाऱ्या मुलांना हे सांगावे: १६० वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात हातातही चालत नाही आणि सामानातही नाही. सायकलची बॅटरी याहून मोठीच असते. बॅटरीशिवाय सायकल आणून इथे जोडाजोड करणे नवख्याचे काम नाही.

पैसे देताना

'झिरो कॉस्ट ईएमआय' दिसला की रोख किंमत काय, हे आधी विचारावे. व्याज कुठेतरी धरलेलेच असते: न मिळालेल्या सवलतीत, प्रोसेसिंग फीमध्ये किंवा व्याजावरच्या जीएसटीत. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. बिलावर फ्रेमचा आणि बॅटरीचा क्रमांक असावा. वॉरंटी बॅटरी, मोटर आणि फ्रेम यांची वेगवेगळी लिहून घ्यावी. बॅटरीची क्षमता किती कमी झाली तर बदलून मिळेल, हेही विचारावे. जुनी सायकल घेत असाल तर बॅटरीची खरेदी-तारीख बघावी. चार वर्षांची बॅटरी असेल तर तिची किंमत शून्य धरून भाव करावा.

पहिले पंधरा दिवस

ज्यांना साधी सायकल कधीच येत नव्हती, त्यांना ई-सायकल तोल सांभाळायला शिकवणार नाही. चक्कर येणे, ठिसूळ हाडे किंवा रक्त पातळ होण्याची औषधे असतील तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. या वयातले खुब्याचे फ्रॅक्चर फार महाग पडते.

पहिले दोन-तीन दिवस सोसायटीच्या आवारात मोटर बंद ठेवून चालवावी. मग मदतीची पहिली पायरी. सिग्नलला थांबताना पायडलवरचा पाय काढावा, कारण नुसता दाब पडून पायडल फिरले तरी मोटर ओढते. चढताना आणि उतरताना मोटर बंदच असावी. कॅरिअरवर नातवंडाला बसवू नये. लहान चाकांच्या सायकलचा तोल त्याने बिघडतो.

दुकानात न्यायची चिठ्ठी

१. बॅटरीसह वजन किती? मी स्वतः उचलून बघितली का?
२. घडीची मापे किती? डिकीत, लिफ्टमध्ये बसते का?
३. २५० वॅट आणि २५ किलोमीटरच्या मर्यादेत आहे का? मंजुरीचा कागद बघितला का?
४. बॅटरी किती वॅट-अवर? नवी केवढ्याला आणि बडोद्यात कुठे?
५. ब्रेक दाबल्यावर मोटर थांबते का?
६. बिजागरीत हालचाल किंवा आवाज आहे का?
७. टायर-ट्यूब नेहमीच्या दुकानात मिळतात का?
८. चवडे जमिनीला टेकतात का?
९. दुरुस्ती कोण करणार, आणि किती दिवसांत?

यातल्या एखाद्या प्रश्नाला "ते नंतर बघू" असे उत्तर मिळाले तर त्या दिवशी पैसे देऊ नयेत. दुकाने दुसऱ्या दिवशीही उघडी असतात. ज्यांना दुकानात जाताना सोबत हवी असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, मोजायची टेप घेऊन येईन.